ट्रिगर किती ग्रॅमवर ठेवावा? दहा मीटर एअर रायफलच्या नेमबाजांसाठी

दहा मीटर एअर रायफलच्या रेंजवर नव्याने आलेला नेमबाज पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक प्रश्न हमखास विचारतो: "सर, ट्रिगर किती ग्रॅमवर ठेवू?" त्याला एक आकडा हवा असतो, आणि शेजारच्या लेनवर त्याच्यापेक्षा बरे मारणाऱ्या एखाद्या सीनियरने तो त्याला आधीच सांगितलेला असतो. बहुतेक वेळा तो आकडा फार कमी असतो. मग ॲलन की हातात येते, स्क्रू फिरतात, नव्या नवलाईत चार दिवस गुण वाढतात, पाचव्या दिवशी कुठूनतरी ७.८ उगवतो आणि त्याचा दोष जॅकेटला, पेलेटला (रायफलीच्या छऱ्याला) नाहीतर रेंजवरच्या दिव्यांना दिला जातो.

ट्रिगरचे वजन म्हणजे गोळी सुटेपर्यंत ट्रिगरच्या पात्यावर बोटाने लावावा लागणारा जोर. तो ग्रॅममध्ये मोजतात. याला मराठीत चाप हा चांगला शब्द आहे. 'घोडा दाबला' असे आपण सर्रास लिहितो, पण घोडा हा चाप ओढल्यावर आपटणारा वेगळा भाग आहे. रेंजवर मात्र सगळेच ट्रिगर म्हणतात, त्यामुळे पुढेही तोच शब्द वापरला आहे. योग्य वजन म्हणजे जमेल तितके हलके वजन, ही समजूत मला मान्य नाही. नजर निशाण्यावर असताना, छातीत धडधड वाढलेली असताना आणि बोट गार पडलेले असतानाही ज्या वजनावर बोट निर्धास्त टेकून राहते, त्यांपैकी सर्वांत हलके वजन आपले. ते प्रत्येकाचे वेगळे असते आणि ते शोधण्याची रीत आहे.

कागदावर जागा किती असते

सामन्याच्या निशाण्यावर दहाचा ठिपका अवघ्या ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. नऊचे वर्तुळ ५.५ मिलिमीटरचे आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ ५ मिलिमीटरने मोठे होत सर्वांत बाहेरचे ४५.५ मिलिमीटरचे होते. पेलेट ४.५ मिलिमीटरचे असते आणि त्याची कड वर्तुळाला लागली तरी त्या वर्तुळाचा गुण मिळतो. त्यामुळे पेलेटचे केंद्र निशाण्याच्या केंद्रापासून २.५ मिलिमीटरच्या आत पडले तर १०.० आणि ०.२५ मिलिमीटरच्या आत पडले तर १०.९ असा हिशेब होतो. दशांशाची प्रत्येक पायरी पाव मिलिमीटरची आहे.

आता हे अंतर रायफलीवर आणून पाहावे. खांद्यावरच्या बटप्लेटपासून नळीच्या टोकापर्यंत ढोबळ मानाने एक मीटर आणि निशाणा दहा मीटरवर, म्हणजे टोकाची हालचाल निशाण्यावर सुमारे दहापट होऊन उमटते. झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. गोळी सुटण्याच्या क्षणी नळीचे टोक तेवढेच बाजूला गेले, तर निशाण्यावर एक मिलिमीटर, म्हणजे चार दशांश गेले. साठ गोळ्यांच्या सामन्यात प्रत्येक गोळीला हे घडले तर २४ गुण. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत शेवटच्या गोळीआधी अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचे हेन्री हाक्किनेन बरोबरीत होते, बिंद्रांनी १०.८ मारला आणि हाक्किनेन यांना ९.७ लागला. केंद्रापासूनच्या अंतरात मोजला तर हा फरक पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास आणि नळीच्या टोकाशी त्याचा दहावा हिस्सा येतो. ट्रिगरवरच्या बोटाबद्दल एवढी चिकित्सा करावी लागते ती या दहापटीमुळे.

वजन नडते कुठे

शिकारी रायफलीचा ट्रिगर साधारण दीड किलोचा असतो आणि रायफल स्वतः तीन-साडेतीन किलोची, म्हणजे बोट रायफलीच्या वजनाच्या जवळजवळ निम्म्या जोराने ओढत असते. सामन्याची एअर रायफल नियमाने ५.५ किलोपर्यंत असू शकते आणि तिचा ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन टक्के. हलक्या ट्रिगरचा खरा फायदा या गुणोत्तरात आहे.

मात्र जोर आहे म्हणून रायफल हलते असे नाही. बोट पाते मागे ओढते तेव्हा तळहात आणि अंगठ्याचा बुंधा ग्रिपला तेवढेच पुढे रेटून धरतात, आणि हे दोन जोर एका रेषेत असले तर ते एकमेकांना खाऊन टाकतात. अडचण ओढ तिरकी असली की सुरू होते. बोट नळीच्या रेषेशी १० अंशांचा कोन करून ओढत असेल, तर जोराचा सुमारे सतरा टक्के भाग आडवा लागतो. दीड किलोच्या ट्रिगरवर तो २६० ग्रॅम भरतो, तर १०० ग्रॅमच्या ट्रिगरवर अवघा १७ ग्रॅम. हलका ट्रिगर तिरके बोट सरळ करत नाही. त्याची शिक्षा तेवढी कमी करतो. पुढे स्क्रूच्या आधी बोटाचा विचार केला आहे तो यासाठीच.

दुसरी गोष्ट खटका सुटल्यानंतरची. आतला सिअर नावाचा खटका सुटला की बोटासमोरचा विरोध अचानक नाहीसा होतो आणि बोट मोकळ्या जागेत मागे जाऊन आदळते. बंद दार रेटत असताना ते एकदम उघडले म्हणजे माणसाचा तोल जातो तसे. पेलेट त्या वेळी अजून नळीतच असते. हातोडी व्हॉल्व्हवर पडणे, हवा सुटणे आणि सुमारे ४० सेंटिमीटर नळी पार करणे या सगळ्याला काही मिलिसेकंद लागतात, आणि त्या काळात बोटाचा धक्का रायफलीपर्यंत पोहोचतो. विरोध जितका मोठा तितका हा धक्का मोठा.

तिसरी गोष्ट हाताच्या स्वभावातली आहे. तर्जनी जोरात आवळली की उरलेली बोटेही नकळत आवळली जातात. ट्रिगर जड असला की मनगट, कोपर आणि खांदा या आवळण्यात सामील होतात. शिवाय उभ्याने नेम धरला असता होल्ड, म्हणजे नेमावर धरलेली रायफल, खऱ्या अर्थाने शांत असण्याचा काळ मोजक्या सेकंदांचा असतो, आणि जड ट्रिगर त्यातले एक-दोन सेकंद बोटाच्या कामातच खाऊन टाकतो.

हे सगळे वाचून कोणीही म्हणेल, की मग ट्रिगर ३० ग्रॅमवर का ठेवू नये? माझ्याकडे शिकणारी एक चौदा वर्षांची मुलगी ४५ ग्रॅमचा ट्रिगर घेऊन आली होती. तिचा होल्ड तिच्या वयाच्या मानाने सुरेख होता, तरी दहा गोळ्यांच्या दर मालिकेत एक-दोन गोळ्या नऊच्या बाहेर जात. मी बाजूला बसून फक्त तिचे बोट पाहत राहिलो. ते पात्याला टेकतच नव्हते. पात्यापासून दोन मिलिमीटरवर तरंगत होते, कारण टेकवले की गोळी सुटेल ही भीती. नेम जमला की बोट वरून पात्यावर उतरे, आणि तो उतरण्याचा झटका प्रत्येक गोळीला वेगळा असे. तिचा ट्रिगर कागदावर हलका होता. व्यवहारात ती त्याला ठोसा मारत होती. कमी वजनाची खरी किंमत ही आहे: बोटाला टेकायला जागा उरत नाही, आणि टेकलेले नसलेले बोट हळूहळू दाबू शकत नाही.

नियमांची चौकट

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत १० मीटर एअर रायफलच्या ट्रिगरला किमान वजनाची अट नाही. निर्णय नेमबाजावर सोडलेला आहे. एअर पिस्तुलाला मात्र किमान ५०० ग्रॅम, २५ मीटर पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम आणि ३०० मीटर स्टँडर्ड रायफलीला किमान १५०० ग्रॅम लागतात. पिस्तुलाच्या सामन्यात नळी उभी धरून ट्रिगरने ते वजन उचलून दाखवावे लागते. त्यामुळे पिस्तूल नेमबाजाचा सल्ला रायफलवाल्याने जसाच्या तसा घेऊ नये. पाचशे ग्रॅमवर वाढलेले बोट आणि शंभर ग्रॅमवर वाढलेले बोट यांच्या सवयी निराळ्या असतात.

पहिली पायरी: आज किती आहे ते मोजा

स्क्रूला हात लावण्याआधी सध्याचे वजन लिहून ठेवावे. आपला ट्रिगर किती ग्रॅमचा आहे हे ठाऊक नसलेले नेमबाज मी राज्य पातळीवरही पाहिले आहेत.

रायफल रिकामी असल्याची खात्री करावी, ती स्वतः डोळ्यांनी. दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये. नळी निशाण्याच्या दिशेलाच ठेवावी आणि मोजणी रेंजवरच करावी. रायफलीला ड्राय फायरची, म्हणजे पेलेट आणि हवेशिवाय नुसता खटका सोडण्याची, सोय असेल तर त्यावर मोजणी करावी, आणि रेंजवर गोळीबाराची परवानगी असताना प्रत्यक्ष हवा सुटणाऱ्या अवस्थेतही दोन-चार वेळा मोजून पाहावे, कारण काही रायफलींत या दोन आकड्यांत थोडा फरक पडतो.

क्लबमध्ये ट्रिगर गेज, म्हणजे ट्रिगरची ओढ मोजणारे साधन, असेल तर उत्तम. त्याचा हूक पात्यावर नेमका आपले बोट टेकते तिथे लावावा. ट्रिगर ही तरफ आहे. हूक पात्याच्या खालच्या टोकाकडे सरकवला की तोच ट्रिगर हलका भासतो आणि वर सरकवला की जड. गेज नळीला समांतर, सावकाश मागे ओढावे आणि दहा वेळा मोजावे. सरासरीइतकेच महत्त्व सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांमधल्या फरकाला द्यावे. सरासरी १०० ग्रॅम आणि फरक चार-पाच ग्रॅमचा असेल तर ट्रिगर तंदुरुस्त आहे. फरक वीस-पंचवीस ग्रॅमचा असेल तर आत घाण, सुकलेले तेल किंवा झीज आहे. अशा ट्रिगरचे वजन बदलून काहीही साधत नाही. त्याची आधी सफाई करून घ्यावी.

गेज नसेल तर घरगुती उपाय आहे. रायफल नळी वर करून उभी धरायला एक जण हवा. प्लास्टिकच्या छोट्या बाटलीला दोऱ्याचा फासा करून तो पात्यावर बोटाच्या जागी अडकवावा आणि औषधाच्या सिरिंजने बाटलीत थेंबाथेंबाने पाणी सोडावे. खटका सुटला की थांबावे आणि बाटली दोऱ्यासकट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवावी. उभ्या रायफलीत पात्याचे स्वतःचे वजनही ओढीच्या दिशेने काम करते, त्यामुळे हा आकडा गेजपेक्षा किंचित कमी येतो. म्हणून एकच पद्धत धरून ठेवावी आणि दोन पद्धतींच्या आकड्यांची तुलना करू नये.

दुसरी पायरी: बोट आणि पात्याची जागा

ग्रिप नेहमीसारखी धरून डोळे मिटावेत आणि बोट आपणहून पात्यावर जाऊ द्यावे. डोळे उघडून पाहावे. पाते तर्जनीच्या पहिल्या पेराच्या गादीवर, नखाच्या मध्यापासून पहिल्या सांध्यापर्यंतच्या भागात यावे, आणि बोटाचे मधले पेर ग्रिपच्या लाकडाला टेकू नये. ते टेकत असेल तर बोट ओढताना ग्रिपही बाजूला ढकलली जाते. पाते टोकाशीच येत असेल तर ते मागे घ्यावे, सांध्यात जात असेल तर पुढे सरकवावे. सामन्याच्या बहुतेक रायफलींत पाते पुढेमागे सरकते आणि थोडे तिरकेही करता येते. त्याला एक छोटा स्क्रू असतो.

तपासणी अशी करावी. रायफल खांद्याला लावून, काळ्या ठिपक्याऐवजी पांढऱ्या भिंतीकडे नळी धरून ड्राय करावे आणि त्या वेळी फक्त पुढच्या साइटच्या रिंगकडे पाहावे. खटका सुटताना रिंग दर वेळी एकाच बाजूला टुणकन उडत असेल तर ओढ तिरकी आहे. पात्याची जागा दोन-दोन मिलिमीटरने बदलत राहावे. इथे एक सावधगिरी हवी. बोट कमी लागले तर गोळी डावीकडे, जास्त लागले तर उजवीकडे, असे सांगणारे गोल तक्ते सगळीकडे फिरत असतात. ते मुख्यतः एका हाताने धरलेल्या पिस्तुलासाठी केलेले आहेत. रायफल खांदा, गाल, ग्रिप आणि पुढचा हात अशा चार ठिकाणी टेकलेली असते, त्यामुळे तीच चूक प्रत्येकाच्या शरीरात वेगळ्या बाजूला निघते. आपला तक्ता आपणच करावा.

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून मुले ती टाळतात. माझ्या अनुभवात, 'ट्रिगर जड आहे' या तक्रारीपैकी बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, वजनाला हातही न लावता.

तिसरी पायरी: दोन टप्प्यांची वाटणी

सामन्याच्या ट्रिगरला सहसा दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात पाते हलक्या स्प्रिंगवर काही मिलिमीटर मागे येते आणि मग अडते; मुले याला 'वॉल' म्हणतात. तिथून पुढे थोडा जास्तीचा जोर दिला की खटका सुटतो. हा दुसरा टप्पा. एकूण वजनाचा आकडा सगळे विचारतात, पण बोटाला जाणवते ती वाटणी. एकूण १०० ग्रॅमच्या ट्रिगरमध्ये पहिला टप्पा ३० आणि दुसरा ७० ग्रॅमचा असेल तर भिंत ठळक लागते, पण ती ओलांडायला बराच जोर लागतो. पहिला ७० आणि दुसरा ३० असेल तर बोट आधीच चांगले टेकलेले असते आणि उरते ते अगदी थोडे काम. मी दुसऱ्या प्रकाराकडे झुकतो, कारण त्यात बोटाला टेकायला भरपूर वजन मिळते आणि निर्णायक दाब मात्र छोटा राहतो. पण दुसरा टप्पा इतकाही छोटा करू नये की भिंत कुठे आहे तेच कळेनासे व्हावे.

त्या चौदा वर्षांच्या मुलीला मी एकूण ११० ग्रॅम दिले, त्यातले ७५ पहिल्या टप्प्यात. पहिला आठवडा ती वैतागली होती आणि तिचे गुणही खाली आले. तिचे बोट पात्यावर खरोखर टेकायला तिसरा आठवडा उजाडला. नंतर आम्ही ९० पर्यंत उतरलो आणि तिथे थांबलो.

स्क्रू फिरवताना रायफलीची पुस्तिका समोर असावी. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असते आणि एका रायफलीत पहिल्या टप्प्याचा असलेला स्क्रू दुसरीत सिअरच्या पकडीचा असू शकतो. क्रम असा ठेवावा: प्रथम ट्रिगर स्टॉप, म्हणजे खटका सुटल्यावर पाते जिथे थांबते तो स्क्रू, मोकळा करून घ्यावा, मग पहिल्या टप्प्याचे वजन, मग दुसऱ्याचे, आणि शेवटी स्टॉप पुन्हा आत आणावा. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेराच, आणि प्रत्येक वेळी तीन-चारदा मोजणी. किती फेरे आणि कोणत्या बाजूला हे वहीत लिहावे, म्हणजे परतीची वाट राहते.

स्टॉप लावताना खटका सुटतो तिथेच पाते थांबेल इतका तो आत आणण्याचा मोह होतो. तसे करू नये. धूळ, थंडी किंवा झीज यांनी किंचित फरक पडला की पाते खटका सुटण्याआधीच स्टॉपवर आदळेल आणि ऐन सामन्यात गोळीच सुटणार नाही. खटका सुटल्यानंतर पाते जाणवेल-न जाणवेल इतके पुढे जाऊ द्यावे.

सिअरची पकड ठरवणारा स्क्रू पुस्तिकेत स्पष्टपणे दिला नसेल तर त्याला हात लावू नये, आणि सिअर किंवा स्प्रिंग घासून, तासून हलके करण्याचे प्रयोग कोणीही करू नयेत. .२२ च्या (काडतुसाच्या) रायफलीचा ट्रिगर बिघडला तर तो जाणकार आर्मररकडेच द्यावा. वजन बदलल्यावर धक्क्याची चाचणी अनिवार्य आहे. पेलेट न भरता रायफल कॉक करावी, नळी निशाण्याकडे ठेवावी आणि बटप्लेटवर हाताच्या मुठीने सर्व बाजूंनी बऱ्यापैकी ठोकावे. खटका एकदाही आपोआप सुटला तर ते वजन रद्द, मग गुण कितीही चांगले येत असोत.

चौथी पायरी: ड्रायमध्ये पारखणे

नवे वजन लावल्यावर लगेच गोळ्या मारायला बसू नये. तीन दिवस रोज चाळीस-पन्नास ड्राय कराव्यात आणि मनात दोनच प्रश्न ठेवावेत. बोट भिंतीवर टेकवून, होल्ड बसेपर्यंत चार-पाच सेकंद तिथे थांबता येते का? आणि नेम बिघडला तर बोट भिंतीवरून मागे घेऊन रायफल खाली उतरवता येते का? दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. जो ट्रिगर गोळी रद्द करू देत नाही, तो कितीही गुळगुळीत असला तरी आपला नव्हे.

स्कॅटसारखे इलेक्ट्रॉनिक साधन उपलब्ध असेल तर ते इथे वापरावे. त्यात नेमाच्या ठिपक्याची वाट पडद्यावर रेघेसारखी उमटते आणि गोळी सुटण्याआधीचा शेवटचा तुकडा वेगळ्या रंगात दिसतो. पूर्ण रेघ शांत असून फक्त शेवटचा तुकडा लांबलचक बाहेर पळत असेल, तर तो बोटाचा झटका आहे. पूर्ण रेघच विस्कटलेली असेल तर प्रश्न होल्डचा आहे आणि तो ट्रिगरच्या स्क्रूने सुटणार नाही. माणसाला एखादी गोष्ट पाहून प्रतिसाद द्यायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. 'दहा दिसला की दाबायचा' ही पद्धत फसते ती यामुळे: दहा दिसला आणि बोटाने ऐकले, तोवर ठिपका दुसरीकडे गेलेला असतो. होल्ड शांत होत असतानाच दाब वाढत जायला हवा, आणि त्यासाठी वाढवण्याजोगे काही वजन ट्रिगरमध्ये असावे लागते.

पाचवी पायरी: गोळ्यांवर पारखणे

इथे बहुतेक जण स्वतःला फसवतात. जुन्या वजनावर एक मालिका १०१.५, नव्यावर १०२.९, म्हणून नवे चांगले असा निष्कर्ष काढला जातो. हिशेब करून पाहू. एखाद्या नेमबाजाच्या गोळ्या सरासरी १०.२ च्या आसपास असून प्रत्येक गोळीत ०.४ चा चढउतार असेल, तर दहा गोळ्यांच्या बेरजेत केवळ योगायोगाने सव्वा गुणाचा चढउतार होणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणजे वरचा १.४ चा फरक ट्रिगरविषयी काहीच सांगत नाही. चाळीस-चाळीस गोळ्या मारल्या तरी सरासरीतला दहाव्या भागाचा फरक संशयास्पदच राहतो.

म्हणून तुलना दोनच वजनांची करावी, समजा ९० आणि ११० ग्रॅमची. एकाच दिवशी २० गोळ्या पहिल्या वजनावर, २० दुसऱ्यावर, पुन्हा २० दुसऱ्यावर आणि शेवटच्या २० पहिल्यावर, म्हणजे सुरुवातीची मरगळ आणि शेवटचा थकवा दोघांच्या वाट्याला सारखा येतो. असे तीन-चार दिवस करावे. शक्य असेल तर वजन लावण्याचे काम मित्राला द्यावे आणि आज आधी कोणते लावले हे त्याने सांगू नये. आकडा कळला की मन त्याच्या बाजूने वागते, हे मी स्वतःवर अनुभवले आहे. मी आठवडाभर 'हलक्या' ट्रिगरची तारीफ करत होतो आणि सहकाऱ्याने तो मुळात बदललाच नव्हता.

वहीत सरासरीबरोबर दोन गोष्टी लिहाव्यात: ९.८ च्या खालच्या गोळ्या किती, आणि त्यांपैकी किती सुटण्याआधीच 'ही गेली' असे मनाला कळले होते. दोन वजनांची सरासरी सारखी असेल तर ज्यात वाईट गोळ्या कमी आणि न कळता सुटलेल्या त्याहून कमी, ते वजन घ्यावे. सामना चांगल्या गोळ्यांनी सावकाश वर जातो, पण एका वाईट गोळीने एकदम खाली येतो.

थंडी, जागा आणि आसन

पुण्यात जुलैमध्ये ठरवलेले वजन दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत तसेच लागेल याची खात्री नसते. तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर सकाळच्या पहिल्या रिलेला (नेमबाजांच्या पहिल्या तुकडीच्या वेळी) बोटाच्या टोकाची संवेदना कमी झालेली असते आणि ८० ग्रॅमची भिंत लागता लागता ओलांडली जाते. यावर पहिला उपाय हात गरम ठेवण्याचा: खिशात हीट पॅक, लेनवर जाईपर्यंत हातमोजे. तरीही न जमल्यास दहा-पंधरा ग्रॅम वाढवावेत, पण तो बदल घरी आधी सरावलेला असावा. सामन्याआधीची १५ मिनिटे तयारी आणि साइटिंगसाठी असतात, ट्रिगरच्या संशोधनासाठी नव्हेत.

५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, ज्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, त्यात एकाच सामन्यात गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने नेम धरावा लागतो. ट्रिगरचे ग्रॅम तेच राहतात, पण मनगटाचा कोन प्रत्येक आसनात बदलतो, आणि मनगट बदलले की पात्यावरची बोटाची जागाही सरकते. त्यामुळे त्या प्रकारात दुसरी पायरी तिन्ही आसनांत स्वतंत्रपणे करावी लागते. उभ्याने बसवलेले बोट पालथ्या आसनात तसेच बसेल असे गृहीत धरू नये.

वजन एकदा ठरले की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर जाईल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढावी. स्क्रू आपोआप ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. वहीत तारीख, एकूण वजन, दोन टप्प्यांची वाटणी आणि दहा मोजण्यांमधला फरक लिहावा, महिन्यातून एकदा पुन्हा मोजावे, आणि ॲलन की किटबॅगच्या अशा कप्प्यात ठेवावी जो सामन्याच्या दिवशी सहसा उघडला जात नाही.